शेवंतीची घागर

शेवंतीचं रोप कसं आहे हे कळायचं असेल तर फुलाकडं बघू नये, पान उलटं करावं. मावा पडला असेल तर तो पानाच्या मागच्या बाजूला असतो, वरून पान कसं चकचकीत दिसतं. मग खालची पानं बघावीत. कुंडीच्या काठापर्यंत हिरवी असली तर झाडाला कुणीतरी नेमानं पाणी घातलंय. खालून पिवळी पडत वर चालली असली तर घातलेलं नाही. कळी रंग दाखवून मिटलेली असावी. उघडलेलं फूल बघून भुलणारा फसतो, कारण ऐन कार्यक्रमाच्या दिवशी ते मान टाकतं. हे सगळं मला कॉलेजात बॉटनी घेण्याच्या कितीतरी आधीपासून येत होतं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. हे मी सारखं सांगतो अशी माझ्या सुनेची तक्रार असते. सांगणारच. पण शेवंती मी कॉलेजात शिकलो नाही, अण्णांकडून शिकलो.

अण्णा म्हणजे आमचे वडील, मारुती. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरून आत गेलं की एक सहकारी साखर कारखाना होता, तिथं ते रोजंदारीवर माळी होते. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तेव्हाच्या चेअरमनांची नातवंडं आता भेटली की मला वाकून नमस्कार करतात. कारखान्याच्या मागं कामगारांच्या पत्र्याच्या ओळी होत्या. त्यातली शेवटची ओळ आमची, म्हणजे बौद्धांची. असं कुणी ठरवलं होतं म्हणावं तर नाही, पण दुसऱ्या ओळीत आम्हाला कधी खोली मिळाली नाही. पत्र्याची एक खोली, मागं वैरणीच्या पेंढ्यांचं छप्पर, पुढं चूल. पहाटे कारखान्याचा भोंगा आणि त्याच्या आधी मायच्या भाकरी थापण्याचा आवाज. त्या दुष्काळाच्या वर्षी थापण्याचा आवाजही बदलला होता. रेशनला तांबडा मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, मिळायचा, त्याची भाकरी थापताना चिरायची, म्हणून माय हलक्या हातानं, जपून थापायची. तव्यावर टाकली की कडा तुटायच्या. ते तुकडे हुलग्याच्या पातळ माडग्यात टाकून आम्ही खायचो. आज डॉक्टर मला हुलगे खा म्हणून सांगतात. मी ऐकून घेतो.

पाऊस दोन वर्षं रुसला होता. उसाचे फड जळून त्यांची वैरण झाली होती, कारखाना चालणार किती दिवस हे चेअरमनांनाही ठाऊक नव्हतं. पण गव्हाणीत पहिली मोळी टाकायचा कार्यक्रम मोठा करायचा होता. मुंबईहून पाहुणे येणार होते, त्यांच्या हातात कारखान्याचं पुढचं सगळं होतं. चेअरमनांचं म्हणणं असं, की गेटातून आत येताच पाहुण्यांच्या नजरेला दुष्काळ पडता कामा नये. गेटापासून ऑफिसपर्यंत दोन्ही बाजूंनी शेवंती पाहिजे, पिवळी आणि पांढरी. बागेची विहीर तर आटून तळाला मचूळ पाणी राहिलेलं. त्यानं पानांच्या कडा जळायच्या. तेव्हा कारखान्याच्या शेतकी साहेबांनी एक युक्ती काढली. टँकर कामगारांच्या ओळीत येतच होता. तर कुंड्या माळ्याच्या, म्हणजे आमच्या, ओळीतल्या घरांना वाटून द्यायच्या. ज्या घरी कुंड्या, त्या घराला रोज एक घागर जास्तीची. ती घागर शेवंतीची. घरच्या घागरीला शिवायचं, शेवंतीच्या घागरीला नाही. आणि कार्यक्रमाच्या आधी कुंड्यांची निवड होईल, ज्या घरच्या कुंड्या नापास होतील त्या घरची शेवंतीची घागर त्या दिवसापासून बंद.

कुंड्या घ्यायला कुणाची ना नव्हती. बायकांनी एकमेकींकडं बघितलं आणि हसल्या. घागर तर येऊ दे दारात, मग बघू, असा त्या हसण्याचा अर्थ होता. अण्णांनी तो ओळखला. त्यांनी ओळीतल्या सगळ्यांना लिंबाखाली बोलावलं.

"ह्या पाण्याला कुणी हात लावायचा न्हाय," ते म्हणाले. "एक तांब्या बी न्हाय."

शेजारच्या गोदामावशी पटकन म्हणाल्या, "का वो भावजी, आमी शिवलो तर बाटंल व्हय?"

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांचं बालपण गावच्या विहिरीच्या कडेला गेलेलं होतं. वरून कुणी पोहरा ओतेल तेव्हा ओंजळ धरायची. ओतणारा आला नाही तर ऊन उतरेपर्यंत बसायचं. ते म्हणाले, "तवा लोक म्हणायचे, शिवू नका. आज म्या म्हणतो, शिवू नका. ह्यात फरक हाय. त्यांनी पाणी आपल्या भरवशावर टाकलंय. उद्या एक कुंडी वाळली की म्हणतील, बघा, ह्यांच्या ओळीत दिलं आन् पिऊन टाकलं. त्ये ऐकायला मला जित्तं ऱ्हायचं न्हाय."

 खरं होतं ते. हे आज वाचणाऱ्याला हट्ट वाटेल. माझ्या नातीला वाटला. तिला मी म्हणालो, ज्याला कधी कुणी असा बोल लावला नाही त्याला हट्ट वाटणारच.

अण्णा सगळ्या ओळीच्या कुंड्यांवर नजर ठेवायचे. शेंडे खुडायला, कळ्या विरळ करायला घरोघर जायचे. फक्त स्वतःच्या घरच्या कुंड्या त्यांनी मायवर सोडल्या होत्या. मागच्या छपरात त्या रांगेनं होत्या, पण अण्णा दिवस मावळल्यावर घरी यायचे आणि पुढच्या दारात टेकायचे. घरचं तपासणं म्हणजे घरावर संशय घेणं, असं त्यांचं गणित होतं. सगळं गणित तिथंच चुकलं.

मी तेव्हा धाराशिवला कॉलेजात होतो, वसतिगृहात राहत होतो. दिवाळीची सुट्टी लागली म्हणून घरी आलो, तर सुली दारात आली नाही. सुली माझी धाकटी बहीण, सुलोचना. मी आलो की ती माझी पिशवी ओढून घ्यायची आणि आत काय आहे ते ओळीतल्या सगळ्यांना ओरडून सांगायची. त्या दिवशी ती गोधडीवर पडलेली होती. डोळे खोल गेलेले, ओठांना पापुद्रे. जुलाब लागले होते आणि थांबून पुन्हा लागत होते. अण्णांनी तिला खांद्यावर टाकून नळदुर्गच्या दवाखान्यात नेऊन आणलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, ओढ्याच्या झिऱ्याचं पाणी बंद. चांगलं पाणी उकळून गार करा, त्यात मीठ आणि साखर घालून थोडं थोडं सारखं पाजत राहा, औषधापेक्षा तेच मोठं आहे. अण्णा स्वतःच्या वाटणीचं पाणी तिच्यासाठी ठेवून जायचे आणि दिवसभर कारखान्यावर तहान मारायचे. त्यांना वाटत होतं तेवढ्यात भागतंय. पण घरच्या एका घागरीत भाकरी, माणसं आणि आजारी पोर बसत नव्हतं.

दुपारी मी मागं गेलो तर माय शेवंतीच्या घागरीवरचं फडकं काढून पातेल्यात पाणी ओतत होती. मला बघून तिचा हात थांबला नाही.

"अण्णाला सांगू नगंस," ती म्हणाली.

"आणि कुंड्यांना?"

"भांड्याचं पाणी घालते. राख खाली बसली की वरचं वरचं." मग कुंड्यांकडं न बघता म्हणाली, "झाड मुकं हाय. मागत न्हाय. ही मागती."

मी अण्णांना सांगितलं नाही. त्याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. सुली त्या पाण्यानं थोडी सावरली होती. माझ्या पिशवीत काय आहे म्हणून विचारलं तिनं. राजगिऱ्याचे लाडू होते, तिला देता येत नव्हते. मी म्हणालो, बरी झालीस की सगळे तुझे. तिनं पिशवी उशाला ठेवून घेतली.

निवडीच्या दिवशी शेतकी साहेब सकाळीच आले. अण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. निवडीची पद्धत अशी होती, की अण्णा कुंडी बघणार आणि पास झाली तर ओल्या चुन्याचं बोट तिच्या काठाला ओढणार. चुन्याचं बोट असलेल्या कुंड्या कार्यक्रमापर्यंत त्याच घरी राहतील, त्यांची घागर चालू राहील. चुन्याची वाटी साहेबांनी माझ्या हातात दिली. "कॉलेजकुमार, तुम्ही धरा," म्हणाले.

पहिल्या घरांमध्ये रोपं चांगली होती. अण्णा उकिडवे बसायचे, पान उलटं करायचे, खोड दोन बोटांत धरून हलवायचे, माती चिमटीत घेऊन वास घ्यायचे, मग चुना. प्रत्येक बोटाबरोबर त्यांची मान थोडी ताठ होत होती. साहेब म्हणाले, "मारुती, तुझ्या ओळीनं नाव राखलं." अण्णांना याहून मोठं काही नको होतं.

गोदामावशींच्या दारात ते थांबले. त्यांच्या कुंड्यांत रोपं किडकिडीत वाढलेली, खालची पानं वाळून खोडाला चिकटलेली, कळ्या हरभऱ्याएवढ्या राहिलेल्या. अण्णांनी एकेक कुंडी बघितली. चुना लावला नाही.

गोदामावशी म्हणाल्या, "भावजी, दोन लेकरं हायती घरात. फुलाला पाजू का त्यांला?"

"पाणी फुलाचं व्हतं," अण्णा म्हणाले.

"व्हय. आन् लेकरं कुनाची हायती?" त्यांनी पदर खोचला. "बरं. पर असंच समद्यांचं बघा. तुमच्या घरचं बी. पानं उलटी करून."

बायकांना सगळं ठाऊक असतं. कुठल्या घरात कुठल्या घागरीवरचं फडकं कधी निघतं हे त्यांना आवाजावरून कळतं. अण्णांना मात्र ते टोमण्यासारखं लागलं, त्यापलीकडं काही नाही.

आमचं घर शेवटचं. साहेबांना ऊन लागत होतं. ते म्हणाले, "तुझ्या घरच्या काय बघायच्या, मारुती? लाव चुना आणि चल."

"न्हाय साहेब. बघायच्या," अण्णा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ओळीतली माणसं मागंमागं आली होती. गोदामावशी सगळ्यांत पुढं.

मी मागच्या छपराशी वाटी धरून उभा होतो. अण्णा उकिडवे बसले. त्यांनी पहिलं पान उलटं केलं आणि हात तिथंच राहिला. पानं खालून निम्म्यापर्यंत पिवळी होती, कडा राखेच्या पाण्यानं करपलेल्या. त्यांनी माती चिमटीत घेतली, वास घेतला. दुसरी कुंडी ओढली. तिसरी. मग ते मान वर न करता तसेच बसून राहिले. आतून सुलीचं कण्हणं ऐकू येत होतं.

माय दारात आली. डोक्यावरचा पदर सारखा केला तिनं.

"पोरीला पाजलं म्या," ती म्हणाली. "अजून बी पाजीन."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दाराच्या आत बघितलं, गोधडीवरची पोर बघितली आणि घसा साफ केला. "करपा पडलेला दिसतोय, मारुती," ते म्हणाले. "रोगाला माणूस काय करणार? लाव चुना. त्या दिवशी मागच्या रांगेत ठेवू."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "तू शास्त्र शिकतोस. रोग हाय का ह्यो?"

"व्हय," मी म्हणालो. "रोगच आहे."

ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. मला वाटतं त्या क्षणी त्यांना तो शब्द घ्यायचा होता. हात वाटीपर्यंत आला, बोट चुन्यात बुडलं. मग त्यांनी गर्दीकडं बघितलं आणि उभे राहिले.

"साहेब, रोग असंल तर गोदाबाईच्या झाडांला बी ह्योच हाय. पानं सारखी हायती. तितं बी चुना लावतो."

साहेबांचा चेहरा बदलला. "तिचं वेगळं. तिनं तोंडानं कबूल केलंय. आणि असं एकेक घर सोडत गेलो तर चेअरमनसाहेब माझी सालपटं काढतील."

"हिनं बी तोंडानंच सांगितलं की आत्ता."

"मारुती, मी तुझं बघतोय. तिचं नाही."

"मंग माझं बी बघू नगा," अण्णा म्हणाले. चुन्याचं बोट त्यांनी धोतराला पुसलं.

गोदामावशी पुढं झाल्या. त्यांचा आवाज पार उतरला होता. "भावजी, माझं ऱ्हाऊ द्या. म्या बोलले त्ये सोडा. लावा चुना, पोर बघा की वो."

अण्णांनी माझ्या हातातली वाटी घेऊन साहेबांना परत दिली. माय दारातून वळली. तिनं आत जाऊन सुलीला मांडीवर घेतलं, आणि दुपारी शेवंतीची घागर उचलून न्यायला माणूस आला तेव्हा आत होतं ते पाणी आधी पातेल्यात ओतून घेतलं आणि घागर उंबऱ्याबाहेर उपडी ठेवली.

त्या दिवसापासून मी आणि गोदामावशी रोज पहाटे ओढ्याच्या पलीकडं एका शेतकऱ्याच्या विहिरीवर जायचो. मोट बंद पडलेली, पाणी खोल, दोर दोन जोडलेले. तो शेतकरी भला होता, कधी नाही म्हणाला नाही, पण आम्ही पोहरा सोडण्याच्या आधी त्याच्या घरची माणसं भरून घ्यायची. तोवर आम्ही कडेला उभे. मला अण्णांची ती ओंजळ आठवायची. वर येईल ते पाणी गढूळ, माय ते दोनदा गाळायची, उकळायची. अण्णा कामावरून आले की न बोलता लाकडं फोडून चुलीजवळ ठेवायचे. मग सुलीच्या पायाशी बसायचे. मांडीवर पाय घेऊन तळवे चोळायचे.

सुली कार्यक्रमाच्या आधी गेली. घागर बंद झाली म्हणून गेली असं मी लिहिणार नाही. डॉक्टर म्हणाले, अंगात काही उरलंच नव्हतं. घागर असती तर वाचली असती असंही कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. पण माय सांगायची. मोठ्यानं कधी नाही. भाकरी वाढताना ताट अण्णांच्या पुढं, त्यांच्याकडं न बघता, ठेवायची पद्धत होती तिची, त्यातून सांगायची.

लहान लेकरू म्हणून ओढ्याकाठी पुरलं. ओळीत घरोघरी शेवंती कळ्यांनी लगडलेली, काही पिवळ्या कळ्या उमलायला आलेल्या. शेजारच्या घरातली एक बाई दोन फुलं खुडायला वाकली, तर अण्णा म्हणाले, "त्यांला चुना लागलाय." ती मागं सरली. पोरांनी माळावरून तरवडाची फुलं आणली. तरवड दुष्काळातही फुलतो, गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. तीच पिवळी फुलं तिच्यावर घातली. पंचशील म्हटलं. राजगिऱ्याच्या लाडवांची पिशवी मायनं सोबत ठेवली.

कार्यक्रमाला अण्णा गेले. लोक म्हणाले, काळीज दगडाचं आहे. ते म्हणाले, "रोपांला पाणी कोण घालील?" मी गेटाबाहेर उभा राहून बघितलं. दोन्ही बाजूंनी कुंड्यांच्या उतरंडी, खाली पांढरी, वर पिवळी, एक पान पिवळं नाही, एका फुलानं मान टाकलेली नाही. अशी निवड मी आयुष्यात पुन्हा बघितली नाही. पाहुणे मोटारीतून उतरले, कमरेवर हात ठेवून बघितलं आणि हसून म्हणाले, "अहो, दुष्काळ म्हणता, कुठाय दुष्काळ?" चेअरमनांना काय बोलावं कळेना. दुष्काळ लपवायचा होता खरा, पण मदतही मागायची होती. अण्णा शेवटच्या कुंडीपाशी झारी घेऊन उभे होते, त्यांच्याकडं कुणी बघितलं नाही.

पुढच्या हंगामात अण्णांना कायम केलं. त्यांनी नाकारलं नाही. त्याच पगारावर मी बी. एस्सी. झालो, पुढं धाराशिवला मास्तर झालो. हे मी लपवत नाही.

माझं स्वतःचं घर झालं तेव्हा मी दोघांना घेऊन आलो. अंगणात नळ होता. एका वर्षी माझ्या बायकोनं नर्सरीतून शेवंतीच्या कुंड्या आणून पायरीवर मांडल्या. तिला काही माहीत नव्हतं, मी कधी सांगितलं नव्हतं. अण्णांना तेव्हा नीट दिसतही नव्हतं. ते काठी टेकत पायरीशी आले, कष्टानं उकिडवे बसले आणि पान उलटं केलं. अंगठ्यानं खालची पानं चाचपली. माय बाजल्यावर बसून तांदूळ निवडत होती.

"हिला पाणी कमी पडलंय," अण्णा म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

मायनं सुपातून मान वर केली. त्या दिवसानंतर शेवंतीचं नाव तिनं आमच्या घरात घेतलेलं मी ऐकलं नव्हतं.

"मंग पाजा की," ती म्हणाली. "आता कुनाची आडकाठी हाय."

अण्णांनी तांब्या नळाखाली धरला, भरला, कुंडीत ओतला. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. कुंडी केव्हाच भरली होती. पाणी काठावरून पायरीवर आलं, पायरीवरून फरशीवर, फरशीवरून फाटकाकडं वाहत निघालं. ते ओतत राहिले. मी उठायला लागलो, तर मायनं हातानं मला खाली बसवलं. ती बघत होती. बास, असं तिनं म्हटलं नाही.